इमान कोणाशी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिवंडीच्या बाजारातून एक फेरी मारावी. एरवी रात्रंदिवस चालणाऱ्या मागांची खटखट त्या दिवशी पुष्कळशी थांबलेली असते आणि कान इतके मोकळे होतात की आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला परका वाटतो. पेढीपेढीवर पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर नवी वही, वहीवर कुंकवाचे स्वस्तिक आणि दोन बाजूंना 'शुभ' व 'लाभ'. हिशेब आता संगणकात गेला. तरी पूजेला लाल कापडाच्या बांधणीची वही लागतेच. पूजा आटोपली की शेठ मिठाईचा पुडा आणि पाकीट घेऊन उठतात, ते आपल्या मेहत्याच्या हाती ठेवतात आणि चार पाहुण्यांदेखत म्हणतात, "आमचा हा माणूस म्हणजे सोने. वीस वर्षांत एका पैचा घोळ नाही."

मागवाल्यांच्या वह्या लिहिणे हा माझा उदरनिर्वाह होता, त्यामुळे अशा पूजांना मी पुष्कळ वर्षे हजर राहिलो आहे आणि ते वाक्य ऐकून इतरांच्या बरोबरीने मानही डोलावली आहे. आज पाकीट घेण्याचे वय सरले आणि देण्याची ऐपत कधीच नव्हती; तेव्हा त्या वाक्याशी भांडण काढायला मी मोकळा आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे वाचक म्हणतील. पण वहीची पूजा ज्या दिवशी होते त्याच दिवशी वहीविषयी खरे बोलू नये, तर बोलावे केव्हा?

ज्यांना भिवंडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. येथे मागाच्या कारखान्यात मालक क्वचितच दिवसभर बसतो. त्याच्या वतीने सूत देणारा, उतरलेला तागा मोजून घेणारा, कोणाचे किती मीटर झाले ते टिपणारा, डॅमेजचे पैसे कापणारा आणि पंधरवड्याचा पगार वाटणारा जो इसम, तो मेहता. मोठ्या कंपनीत त्यालाच मॅनेजर म्हणतात आणि त्याच्या टेबलावर काच असते. काम एकच: दुसऱ्याच्या सत्तेने तिसऱ्याच्या घामाचे माप घ्यायचे.

आता "एका पैचा घोळ नाही" याचा अर्थ पाहा. पै कोणाची? शेठची. मेहत्याने शेठच्या गल्ल्यात हात घातला नाही, सूत परस्पर विकले नाही, खोटी पावती लावली नाही. एवढ्यावर आपण त्याला 'प्रामाणिक' ही पदवी बहाल करतो. याला प्रामाणिकपणा म्हणावा का? माझे म्हणणे असे की याला स्वामिनिष्ठा म्हणावे. स्वामिनिष्ठा वाईट नव्हे. घोड्यात, कुत्र्यात आणि माणसात ती सारखीच शोभते. पण प्रामाणिकपणा ही दुसरी वस्तू आहे. 'प्रमाण' म्हणजे माप. ज्याचे माप देतानाही तेच आणि घेतानाही तेच, वरच्यालाही तेच आणि खालच्यालाही तेच, तो प्रामाणिक. हे दोन शब्द आपण एक करून टाकले, आणि कामाच्या जागी वरिष्ठांची पारख करण्याचा आपला सगळा व्यवहार त्या एका घोटाळ्यावर उभा राहिला.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. एका कारखान्याची वही मी लिहीत असे. तिथला मेहता असाच सोन्यासारखा होता. गोड बोलणारा, व्यसन नसलेला, शेठच्या मुलांना शाळेत पोचवणारा. तागा उतरला की घडी घालणारा मीटर-मीटरच्या घड्या घाली आणि मेहता त्या मोजून मागवाल्याच्या नावावर आकडा मांडी. एकदा बाजारात गेलेल्या मालाची बिले आणि मजुरीची वही मला शेजारी शेजारी ठेवण्याचा प्रसंग आला. व्यापाऱ्याकडे शंभर मीटरचा तागा गेला, तर मजुराच्या नावावर नव्याण्णव. पुढचा तागा, नव्याण्णव. त्याच्या पुढचा, तोही तसाच. चूक असती तर ती कधी एकशे एककडेही झुकली असती. चुकीला दोन्ही बाजूंना पाय असतात. लबाडी एकाच बाजूला चालते.

ताग्यामागे एक मीटर! कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? समजा, सहा माग सांभाळणाऱ्या मागवाल्याचे महिन्याला साठ तागे उतरले. साठ मीटर गेले. शंभरातला एक हिस्सा गेला. वर्षाच्या कामाच्या तीनशे दिवसांतले तीन दिवस तो माणूस बारा-बारा तास उभा राहिला, सुताची धूळ छातीत घेतली, आणि ते तीन दिवस कोणत्याही वहीत नाहीत. त्याला हे कळलेही नाही, कारण घडी मोजताना तो दुसऱ्या मागावर तुटलेली तार जोडत होता. ते पैसे मेहत्याने स्वतः खाल्ले काय? मुळीच नाही. ते इमानेइतबारे शेठच्या खात्यात जमा झाले. शेठने त्याला तसे करायला सांगितले होते काय? तेही मला कधी दिसले नाही. शेठने फक्त इतकेच म्हटले होते, "मजुरी फार जाते, जरा बघा." आणि मेहत्याने बघितले.

जो तुमच्यासाठी खोटे बोलतो तो उद्या तुमच्याशीही खोटे बोलेल, असे एक सुभाषितवजा वाक्य सांगायची आपल्याकडे रीत आहे. ते दरवेळी खरे ठरते तर किती बरे झाले असते! तो मेहता शेवटपर्यंत शेठशी खोटे बोलला नाही. खरी अडचण तीच आहे. त्याला पकडणारी कोणतीही वही अस्तित्वात नव्हती, कारण वही शेठची होती. आणि ती मी लिहीत होतो. बेरीज जुळली, सही केली, गप्प बसलो. मिठाईचा पुडा मलाही मिळाला होता.

हा रोग भिवंडीने शोधून काढला असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांवर जॉबर असे. माणूस कामावर घेणे, बदलीवर ठेवणे, काढून टाकणे, सगळे त्याच्या बोटावर. कोकणातून, घाटावरून आलेला गडी नोकरी मिळावी म्हणून त्याच्या हातावर पैसे ठेवी आणि नोकरी टिकावी म्हणून ठेवीतच राही. पुष्कळदा राहायची खोली आणि अडीनडीचे कर्जही जॉबरच्याच ओळखीने मिळे, त्यामुळे त्याच्यापुढे तोंड उघडणे म्हणजे एकाच वेळी घर आणि पोट गमावणे. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने, ज्यात ना. म. जोशीही सभासद होते, १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि माणसे घेण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावा असे सुचवले. पण विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. गिरणीमालक काय आंधळे होते? ज्यांना कापसाच्या गासडीतला ओलावा हाताने कळत होता, त्यांना आपल्या खात्यातली लाच कळत नव्हती? कळत होती. परंतु जॉबर सकाळी माग चालू करून देत होता. मालकाच्या वहीत तो चोख होता. चोरी होत होती ती दुसऱ्याच्या वहीतून, आणि त्या दुसऱ्याकडे वहीच नव्हती.

त्याच मुंबईत उलट उदाहरणही घडले आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे काही काळ एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे कारभाऱ्यांच्या बाजूचे. त्या खुर्चीवरून त्यांना जे दिसले ते त्यांनी पाहिले नाही असे केले नाही. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर लाज वाटते, इतक्या त्या साध्या आहेत: आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला त्या काळातला पगार. पगार पंधरा तारखेच्या आत! म्हणजे तो देणारे जे कोणी सुखवस्तू, नेमस्त, देवधर्म करणारे वरिष्ठ होते, ते दुसऱ्याचे पैसे अडकवून ठेवीत होते आणि त्यांच्या चारित्र्याच्या दाखल्यात त्याचा उल्लेख करायचे कोणालाही सुचत नव्हते. आठवड्याच्या सुटीची मागणी मान्य व्हायला १८९० साल उजाडले.

'ते दिवस गेले. आता माणसे शास्त्रीय पद्धतीने पारखून घेतात,' असे यावर आमचे शिकलेले चिरंजीव म्हणतात. ही शास्त्रीय पद्धतही पाहू. अमेरिकेत खाजगी मालक नोकरांना खोटे पकडण्याच्या यंत्राला जोडीत असत. १९८८ साली तेथे कायद्याने त्यावर बरीचशी बंदी आली, तेव्हा कागदी प्रश्नपत्रिकांचा सुकाळ झाला. "तुम्ही कधी खोटे बोललात काय? कामावरून कधी एखादी वस्तू घरी नेलीत काय?" आता या प्रश्नपत्रिकेची गंमत अशी की जो खरोखर सरळ आहे तो आठवून आठवून "होय" लिहितो आणि जो पोचलेला आहे तो सर्वत्र "नाही" लिहून मोकळा होतो. पुढे अशा उघड प्रश्नांऐवजी स्वभाव आडून तपासणाऱ्या चाचण्याही निघाल्या. १९९० साली अमेरिकी संसदेच्या तांत्रिक विभागाने या चाचण्यांची तपासणी केली आणि त्यांच्यावर विसंबावे इतका पुरावा नाही, असा निष्कर्ष दिला. १९९३ साली काही मानसशास्त्रज्ञांनी शेकडो पाहण्या एकत्र करून त्यांना बऱ्यापैकी गुणही दिले. विद्वानांचा वाद विद्वानांनी मिटवावा. मला त्या वादातली एक गोष्ट खुपते. या चाचण्या प्रामुख्याने मोजतात ते काय? नोकर चोरी करील का, दांड्या मारील का, मालाची नासधूस करील का. म्हणजे पुन्हा शेठचीच पै! हा माणूस उद्या खुर्चीवर बसल्यावर आपल्या हाताखालच्याचे एक मीटर कमी मांडील का, हे त्या प्रश्नपत्रिकांत मुख्यतः विचारलेलेच नसते. आमच्या शेठने न शिकता जे केले तेच त्यांनी शिकून केले.

सरकारी कचेरीची तऱ्हा तर याहून सोपी. गोपनीय अहवालात सचोटीचा एक रकाना असतो. तो कोण भरतो? वरचा साहेब. त्यात बहुधा एकच शब्द पडतो: 'संशयातीत.' ज्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांना एकच शब्द मिळतो, तो रकाना माणसांविषयी काही सांगत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातला प्रत्येक शेरा ज्याच्यावर लिहिला त्याला कळवला पाहिजे. हे न्यायाचे झाले. पण टेबलापलीकडे टोपी हातात धरून उभा असलेला शेतकरी आणि टेबलाअलीकडे फायली वाहणारा शिपाई, या दोघांना साहेबांची सचोटी जेवढी ठाऊक असते तेवढी ती वरच्या साहेबाला कुठून ठाऊक असणार? शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या मागेपुढे, चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, लाकूडफाटा, भाजीपाला यांसाठी रयतेला तोशीस लावू नका. लावलीत तर यापेक्षा मोगल बरे असे रयतेला वाटेल, असा त्यातला आशय आहे. अंमलदार माझ्याशी किती इमानी आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुणब्याच्या भाजीच्या देठाशी तो कसा वागतो, ही त्यांची कसोटी होती.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. 'खालच्यांना विचारून वरच्याची परीक्षा करायची म्हटले, तर शिस्तीचा माणूस नापास होईल आणि सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवणारा गुळचट मनुष्य पहिला येईल.' खरे आहे. माणूस आवडतो का, असे विचारलेत तर तसेच होईल. म्हणून आवड विचारूच नये. मत विचारू नये, घटना विचारावी. तुझे किती मीटर झाले ते तुला पगाराआधी कळले का? कोणी सांगितले? तू मोजून पाहिलेस का, पाहू दिले का? गेल्या पंधरवड्यात तुझे पैसे कापले ते कशाबद्दल, आणि तो डाग तुला दाखवला का? याची उत्तरे रागावलेला माणूसही फारशी वाकडी देऊ शकत नाही. दिली तरी चार जणांची उत्तरे शेजारी ठेवली की खरे खोटे निवडता येते.

आणि हे सारे पुस्तकी आहे असे भिवंडीकराने तरी म्हणू नये. अधिकाऱ्याला लोकांसमोर बसवण्याचा प्रयोग याच गावात झाला आहे, आणि तोही कारखान्यापेक्षा शतपट कठीण जागी. १९७० आणि १९८४ या दोन सालांच्या दंगलींनी हे गाव होरपळले. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि पोलिसांच्या वर्तनावर फार कठोर शब्द लिहिले. लोकांचा खाकी कपड्यावरचा विश्वास उडालेला होता. अशा वेळी १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गावाचे मोहल्ले पाडले, प्रत्येक मोहल्ल्याची दोन्ही समाजांच्या साध्यासुध्या माणसांची समिती केली, आणि त्या मोहल्ल्याच्या पोलिसाला त्या समितीपुढे नियमाने बसायला लावले. तक्रार ऐकायची, उत्तर द्यायचे, पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले ते सांगायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. याचे श्रेय एकाच गोष्टीला देण्याइतका मी भोळा नाही. पण एवढे निश्चित की ज्याच्यावर सत्ता चालते त्याच्यासमोर सत्ताधाऱ्याला नियमाने बसवले तर आकाश कोसळत नाही. दंगलीच्या गावात पोलिसाला जे जमले, ते मागाच्या कारखान्यात मेहत्याला का जमू नये?

जमते. मी पाहिले आहे. दुसऱ्या एका कारखान्यात एक मेहता होता. तोंडाने इतका फाटका की कांडीवाल्या पोरांनी त्याला ठेवलेली नावे दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. पण त्याने दारापाशी लोखंडी मीटरपट्टी साखळीने टांगून ठेवली होती. ज्याला शंका येईल त्याने आपला तागा उलगडावा आणि मोजावा. डॅमेज निघाले तर तो मागवाल्याला खांद्याला धरून कापडापाशी आणी, बोट ठेवून दाखवी, आणि सूतच कच्चे असले तर स्वतःच्या हाताने वहीत लिही: 'सूत खराब, कापू नये.' एकदा त्याने चुकीच्या नंबरचे बाण्याचे सूत काढून दिले आणि चार तागे वाया गेले. दुसऱ्या कोणी तो दोष सहज मागवाल्यांवर ढकलला असता. याने लाल शाईने आपले नाव मांडले. मला आठवते, त्या कारखान्यात दोन-तीन महिन्यांनी पट्टीला कोणी हात लावीनासे झाले. ती तिथे टांगलेली आहे एवढे पुरेसे होते.

त्याचे पुढे काय झाले? वर्षअखेरीला मालकाने दोन कारखान्यांचे आकडे ताडून पाहिले. याच्याकडे कपात कमी, मजुरीचा खर्च जास्त. "माणूस वाईट नाही, पण ढिला आहे," असा निकाल झाला आणि दिवाळीच्या आधीच त्याला निरोप मिळाला. तो निकाल ज्या आकड्यांवर झाला तेही माझ्याच अक्षरात होते. ढिला! ज्याच्याइतका घट्ट माणूस मी त्या गावात पाहिला नाही, तो वहीत ढिला ठरला, आणि साठ तागे साठ मीटरने आखूड करणारा सोन्याचा ठरला. माझी वही खोटे बोलत नव्हती. तिला फक्त अर्धेच विचारले होते.

आपण सचोटी म्हटली की एकदम रामशास्त्री प्रभुण्यांकडे धाव घेतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश निघाला, हे महाराष्ट्राचे भाग्य. परंतु प्रत्येक कारखान्याला रामशास्त्री कुठून आणणार? सचोटी ही फार मोठ्या धैर्याची, विरळा वस्तू आहे असे एकदा ठरवले की आपली सुटका होते. ती आढळली नाही तरी कोणाचे काही चुकत नाही. मला रामशास्त्री नको, दाराला टांगलेली मीटरपट्टी हवी. वरिष्ठाची पारख करायची तर पुरेशा साध्या गोष्टी आहेत. तो ज्याचे माप घेतो त्याला ते माप तपासू देतो काय? त्याची स्वतःची चूक झाली तर ती शेवटी कोणाच्या नावावर पडते? आणि शेठला न आवडणारी एखादी गोष्ट त्याने गेल्या वर्षात शेठच्या तोंडावर सांगितली आहे काय? या तिन्हींची उत्तरे कोणत्याही मुलाखतीत मिळणार नाहीत. ती कारखान्यात मिळतील, आणि खालून मिळतील.

शेठजी, रागावू नका. तुमची बाजू मला ठाऊक आहे. वीस वर्षे तीच लिहिली. सूत महाग, विजेचे बिल चढते, भाव पडलेला. तुमच्यातले कितीक जण तर स्वतःच मजुरीवर कापड विणून देतात. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, तुमचे फक्त माग. ते कापड घेऊन तुम्ही व्यापाऱ्याच्या गादीवर जाता, तेव्हा तिथला माणूस तुमच्या मालाच्या घड्या मोजतो, डाग काढतो, मीटर कापतो, पैसे पुढच्या महिन्यावर ढकलतो. त्या गादीच्या कडेला बसून तुमच्या पोटात जे कालवते ते मी पाहिले आहे. घरी येऊन तुम्ही म्हणता, "त्यांचा तो मुनीम पक्का बेइमान आहे." आणि त्या मुनिमाचा शेठ दिवाळीला चार पाहुण्यांदेखत काय म्हणत असेल? "आमचा हा माणूस म्हणजे सोने." एकाच माणसाची ही दोन नावे. कोणत्या बाजूला उभे राहून पाहिले, एवढाच फरक. तुम्ही दोन्ही बाजूंना उभे राहता. मग तुम्हाला तरी हे कळावयास नको काय?

आता भिवंडीचे रूप पालटत आहे. माग भंगारात जातात आणि काल्हेर, पूर्णा, माणकोली, वळ या बाजूंना भातखाचरांवर गोदामे उभी राहिली आहेत. आतली जमीन आरशासारखी, मॅनेजर इंग्रजी बोलणारा, हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर, ताशी किती नग उचलले त्याचा आकडा पडद्यावर. यंत्र आले, आता लबाडीला वाव नाही, असे म्हणतात. यंत्राचे मला भय नाही. घरातले विजेचे मीटर हेही यंत्रच. पण ते आपल्या भिंतीवर असते, आकडा वीज देणाऱ्याला दिसतो आणि घेणाऱ्यालाही दिसतो, म्हणून त्यावर भांडता येते. गोदामातला पडदा कोणाकडे तोंड करून आहे? कंत्राटदाराच्या पोराला आपले जादा तास महिनाअखेरीच्या आधी पाहता येतात काय? सात मिनिटे उशीर झाला तर अर्धा तास कापायचा, आणि वीस मिनिटे जास्त थांबला तर शून्य धरायचे, हे जिथे चालत असेल तिथे माझा जुना मेहताच नवा शर्ट घालून बसला आहे असे समजावे. चुकीला दोन पाय असतात, हे लक्षात ठेवावे. आकडा एकाच बाजूला चालताना दिसला की यंत्राला दोष न देता, यंत्र लावणाऱ्याला विचारावे.

वाचकांत पुष्कळ जण असे असतील की ज्यांना ना माग आहे ना गोदाम. तरी कोणीतरी हाताखाली असतेच. शाळेत शिपाई, सोसायटीत रखवालदार, घरात भांड्याला येणाऱ्या बाई. त्यांच्या खाड्यांचा हिशेब कोणाच्या कॅलेंडरवर मांडला जातो, आणि ते कॅलेंडर त्यांना दिसेल अशा जागी आहे की कपाटाच्या आतल्या दाराला? 'बाई फार प्रामाणिक आहेत, बाहेर पैसे पडलेले असले तरी हात लावीत नाहीत,' असे आपण कौतुकाने सांगतो. त्या बाई आपल्याविषयी चार घरी काय सांगतात, हे एकदा कानावर घ्यावे. प्रामाणिकपणाची खरी गोपनीय पुस्तिका तीच.

पाडव्याला नवी वही उघडाल, पहिल्या पानावर श्री घालाल. एवढे करा की त्या वहीत ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी एकाला बोलवा आणि त्याचे पान त्याला वाचून दाखवा. मेहत्याला शेजारी बसवा. तो सहज बसला तर खुशाल पाकीट द्या, माझ्यातर्फे दोन लाडू जास्त द्या. तो चुळबुळू लागला आणि म्हणाला, "शेठ, यांना यातले काय कळते?" तर पाकीट तूर्त खिशातच राहू द्यावे, आणि दाराला टांगायला एक मीटरपट्टी विकत आणावी. फारशी महाग नसते.